खालचं पान

"आई खाते ते जातं कुठं, बाबा?"

लतीफशा फकीर आपल्या मठीच्या, तकियाच्या ओट्यावर उकिडवा बसून दाढी खाजवत होता. विचारणारा नागनाथ. दारातनं जाताना तिरकं व्हावं लागेल असला धिप्पाड गडी. पाठीवरनं आणलेली म्हातारी आई, ठकूबाई, त्यानं लिंबाखाली टेकवलेली. नुसती हाडं, वरनं लुगडं.

"वाळत चाललीय नुसती. डॉक्टर म्हणतो रोग नाही. मग घरात ठेवून करायचं काय? उचला, बसवा, न्हाऊ घाला... तुमच्या तकियात पडू दे कोपऱ्यात. भाकरी धाडत जाईन."

म्हातारी ऐकत होती. कान तेवढे शाबूत होते, हेच वाईट.

"ठेवतो की," फकीर म्हणाला. "पण आधी माझी शाळूची ज्वारी बघ, पैलवाना. तू मोठा बागायतदार. तिला कायतरी लागलंय."

ओट्यामागं शाळूचा तुकडा. कणसं चिकात आलेली, दाणा दाबला की दूध. खालची पानं मात्र टोकाकडनं पिवळी पडत चाललेली.

नागनाथ खो खो हसला.

"ह्याला रोग म्हणता होय? दाढी पिकली की तुमची, तो काय रोग?"

"अडाणी माणूस मी. खत टाकू का? होतील हिरवी?"

"गाडीभर ओता. आता काय फरक पडतोय? मुळं सुस्तावली. खायचं ते तिनं लहानपणी खाल्लं, पोटरीत येईतोवर, कणीस फुटायच्या आधी."

"मुळं सुस्तावली... मग दाणा भरतोय कशावर?"

"खालच्या पानांवर. असेल नसेल ते वर धाडतंय पान, कणसाला. म्हणून तर..."

नागनाथ थांबला.

"म्हणून तर काय?" फकिरानं डोळे मिचकावले. "सांग की. मला कळायचं नाही."

"बरं, राहू दे." फकिरानं एका पिवळ्या पानाला हात घातला. "बैलाला तरी टाकतो. कशाला वागवायचं उगाच?"

"ओढू नका!" नागनाथनं त्याचं मनगट धरलं. "देठाजवळ हिरवं आहे अजून. देतंय ते अजून. आता ओढलं तर कणीस पोचट..."

स्वतःचाच आवाज त्याच्या कानात शिरला. मनगट सुटलं.

तो लिंबाखाली गेला. आईपुढं गुडघ्यावर बसला.

"चल आई. घरी चल. रोज दूध देतो, अंडं देतो. पहिल्यासारखी करतो बघ तुला."

फकीर मागनं आला. झोळीतली भाकरी काढली, ठकूबाईच्या हातावर ठेवली. तिनं भाकरी मोडली. कोरभर तुकडा आपल्याला ठेवला, उरलेली लेकापुढं धरली.

नागनाथचा हात आपोआप पुढं झाला. रोजच्यासारखा. घासही मोडला त्यानं... मग घास हातातच राहिला.

"नको आई. तू खा."

म्हातारीचा हात तसाच पुढं. तोंड मात्र एवढंसं झालं. तिचं काही चुकलं असावं तसं.

नागनाथनं फकिराकडं बघितलं. फकीर आता हसत नव्हता.

"खा, पैलवाना. देतेय ती अजून. नको म्हणायचं तुझं वय होतं. गेलं ते."