बाबाचा खडक

उजवीकडे पाण्यात काळा खडक दिसतो ना, तो बाबाचा खडक. भरतीला तो पाण्याखाली जातो. वर डोंगराच्या टोकावर पांढरी कबर आहे, ती त्या बाबाच्या मुलाची. तिथे जाणारा माणूस, कुठल्याही धर्माचा असो, आधी खालच्या पायरीवर उभा राहतो आणि खडकाकडे तोंड करून 'बाबा' अशी हाक मारतो. का, ते होडी पोचेपर्यंत सांगतो.

फार पूर्वी, अरबांची गलबतं या खाडीत यायची तेव्हा, इथे धाकू तारी होडी चालवायचा, असं सांगतात. बायको तापाने गेली आणि त्याने देवाचं नाव टाकलं. पोराला मात्र पाठीशी बांधून होडीतच वाढवलं. पोर मोठं झालं, गलबतातून उतरलेल्या एका फकिराच्या पायाशी बसलं आणि मुसलमान झालं. जुनेद हे नाव त्याने घेतलं.

बापावर त्याचा फार जीव. हा असाच मेला तर परलोकात आपल्याला कायमचा अंतरेल, या भीतीने त्याला अन्न गोड लागत नसे म्हणे. रोज विनवायचा. धाकू हसून वल्ही मारत राहायचा. शेवटी एकदा धक्क्यावर, चार माणसांदेखत, जुनेद बोलून गेला, "अल्लाक मानत नाय, तो माजो बापूस न्हय."

धाकूने वल्हं उगारलं. मारलं नाही, खाली ठेवलं. म्हणाला, "आदी माका बाबा म्हण, मगे काय ता सांग."

जुनेद घर सोडून त्या टोकावर झोपडीत राहिला. फकिराने त्याला खडसावलं. म्हणाला, इब्राहीम नबींचा बापही मानत नव्हता, उलट दगड मारीन म्हणाला. तरी त्याला समजावताना नबी दर वेळी आधी बाबाच म्हणत. जुनेद म्हणाला, आधी त्यांनी मानावं, मग म्हणेन. मला विचाराल तर हट्ट दोघांचाही, पण पोराचा जास्त.

मग थंडीतली ती सकाळ आली. धुकं इतकं, की हातातलं वल्हं दिसू नये. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, अजान देऊन जुनेद उभा होता, तर बापाच्या वल्ह्यांचा आवाज खडकाच्या बाजूने आला. तो ओरडला, "धाकू तारी, हंय वळा! फुडे खडक आसा!"

वल्ही थांबली. जुनेदला वाटलं, ऐकलं. तो पुन्हा तसाच ओरडला, नाव घेऊन. प्रवाह होडीला ओढत होता, आणि वल्ही काही पाण्यात पडेनात. मग फळ्या फुटल्याचा आवाज आला.

होडीतला एक कापडवाला फळीला धरून वाचला. त्याने सांगितलं, की तारी वल्ही उचलून, कान देऊन बसला होता. त्याला किती विनवलं, पण तो म्हणत होता, "थांब. आता बाबा म्हणतलो, मगे वळयतंय."

हे ऐकल्यावर जुनेद पाण्यात उतरून 'बाबा, बाबा' ओरडत राहिला, भरती गळ्याला लागेपर्यंत. प्रेतही मिळालं नाही. पुढे खूप लोक त्याच्या शब्दावर इस्लामच्या दीनात आले. कुणी विचारलं, तुमच्या वडिलांचं तिकडे काय झालं असेल? तर तो म्हणायचा, मला ठाऊक नाही, आणि उठून जायचा. मरताना सांगून गेला, की माझ्यासाठी दुवा मागायच्या आधी त्यांना हाक मारा.

आजही आम्ही तारी धुक्यात कुणाला नावाने हाकारत नाही. आधी नातं, मग खडक. चला, पायरी आली. हाक मारा. उत्तर येत नाही, तरी आम्ही जरा थांबतो. मगच वर चढायचं.