चौथ्या घरापर्यंत

नदीकाठच्या एका गावात एक कासार राहत होता. घरी आलेल्या माणसाला वेशीपर्यंत पोचवल्याशिवाय तो मागे फिरत नसे. त्याबद्दल पंचक्रोशीत त्याचं नाव होतं.

एका वर्षी त्याच्या पोटात गाठ झाली. वैद्यांनी पोट उघडून ती काढली, टाके घातले आणि त्याला घरी पाठवलं.

"दीड महिन्यावर लेकीचं लग्न आहे," कासार निघताना म्हणाला. "तिला वेशीपर्यंत पोचवायला मला चालता आलं पाहिजे."

"येईल," वैद्य म्हणाले. "पण मी सांगेन तेवढंच चालायचं. आधी खाट, मग उंबरा, मग अंगण."

तिसऱ्या दिवशी कासार कुणाच्या आधाराशिवाय कुशीवर वळला. पाचव्या दिवशी उठून बसला आणि स्वतःच्या हातानं पेज प्यायला. खोकला आला की लेक उशी पुढे करी आणि ती पोटाशी दाबून तो खोके. दहाव्या दिवशी तो उंबऱ्यापर्यंत गेला, तेव्हा लेकीनं टाळ्या वाजवल्या.

कासाराला लाज वाटली. "मी काय दोन वर्षांचं पोर आहे? उंबऱ्याचं कसलं कौतुक!"

बाराव्या दिवशी व्याही त्याला बघायला आले. ते निघाले तसा कासार उठू लागला.

"बसा बसा, तुम्ही पडूनच राहा," व्याही म्हणाले.

असं सगळेच म्हणतात आणि ते ऐकून कुणी बसत नाही. कासारानं पागोटं चढवलं. लेक दारात आडवी झाली. "बाबा, उंबऱ्यापुढे नाही!"

"मुलाकडची माणसं आहेत. त्यांना खाटेवरून निरोप देऊ?"

तो हसत हसत वेशीपर्यंत गेला. परत आला तेव्हा धोतरावर रक्त उतरलं होतं.

वैद्यांनी पुन्हा टाके घातले. "व्याह्यांचा मान राहिला ना? आता परत कुशीवर वळण्यापासून सुरुवात."

त्यात आठवडाभर ताप आला. पुढे कासार पुन्हा उंबऱ्यापर्यंत पोचला, तेव्हा त्यानं स्वतःच हाक मारून लेकीला ते दाखवलं.

लग्नाच्या दिवशी वैद्यांनी तिसऱ्या घरापर्यंत परवानगी दिली. वेस होती सातव्या घरापुढे. वरात निघाली आणि तिसऱ्या घरापाशी कासार थांबला.

"अहो, लेक सासरी निघालीय!" लोक म्हणाले. "चार घरांनी काय होतंय?"

लेक त्याच्याकडे बघत राहिली. कासाराचा एक पाय उचलला गेला. मग त्यानं तो होता तिथंच ठेवला.

"व्याही," तो हात जोडून म्हणाला, "आज मला इथपर्यंतच येता येतं."

मग पुढे गेलेले व्याही मागे आले.

"त्या दिवशी मी बसा म्हटलं, ते मनापासून म्हटलं होतं," ते म्हणाले. "आम्ही इथूनच निघतो."

लेक पाया पडली. वरात वेशीबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यांनी आणखी एक घर वाढवून दिलं, आणि कासार एकटाच चौथ्या घरापर्यंत चालत गेला. तिथल्या ओट्याला टेकून त्यानं थोडा दम घेतला.

"काही हवंय का?" घरातल्या बाईनं विचारलं.

"नाही हो," कासार म्हणाला. "आज इथपर्यंत आलो."

तात्पर्य: दुखण्यातून उठताना लोकांना शोभेल तेवढं नव्हे, अंगाला झेपेल तेवढंच चालावं. आणि ते थोडं असलं, तरी सांगायला लाजू नये.