एकतिसावं पान

"बाई, मग प्रस्तावना लिहाल ना?"

तुषार ढमढेरेनं दुसऱ्यांदा विचारलं. शैलजाबाई उकिडवे अजून एकाच पानावर होत्या. त्याचा अहवाल त्यांच्या मांडीवर उघडा पडला होता.

बाईंनी विद्यापीठात बावीस वर्षं एक अभ्यासक्रम चालवला होता. उद्या कारखाने, इस्पितळं, बँका चालवणाऱ्या मुलांना त्या आधी कादंबऱ्या वाचायला लावत. इतिहास, तत्त्वज्ञान शिकवत. मग कामगारांच्या घरी पाठवत, नुसतं ऐकायला. "संस्था कागदावर नसते, माणसांच्या बोलण्यात असते," असं त्या पहिल्याच तासाला सांगत.

तुषार त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आता मोठमोठ्या कंपन्यांचा सल्लागार. कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीवर, लोखंड ओतायच्या कारखान्यावर, त्यानं लिहिलेला अहवाल यंदा त्याच अभ्यासक्रमात लागणार होता.

"एकतिसावं पान फार सुंदर लिहिलंयस," बाई म्हणाल्या.

तुषार खुलला. "मलाही तेच सगळ्यात आवडतं."

त्या पानावर साचेविभागातला एक कामगार होता. ठिणगी उडून त्याचा डावा डोळा गेलेला. चार वर्षं त्यानं ते वरच्या कुणाला कळू दिलं नव्हतं. वितळलेलं लोखंड ओतायची वेळ आली की शेजारचे दोघे काही न बोलता पुढे होत आणि त्याचं काम करून टाकत.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. तीन दिवस गेलो होतो त्याच्या घरी. वहिनींनी जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी स्वतःहून बोलला."

"नामदेव खरात."

तुषार चपापला. "मी नाव बदललं होतं, बाई."

"डोळा नाही बदललास."

"फौंड्रीच्या मालकांचा फोन आला होता मला," तुषार म्हणाला. "वाचताना डोळ्यांत पाणी आलं म्हणाले."

"आणि मग?"

"मग..."

"मग काय केलं त्यांनी?"

"तिघांना काढलं."

बाईंनी अहवाल मिटला. "मी परवा जाऊन आले. एसटीनं. दीड तास बसले नामदेवरावांसमोर. ते वैशाखापासून कुणाशी बोलत नाहीत. बायकोशीसुद्धा नाही. त्या दोघांना वाटतं, यानंच आपली नावं दिली."

"मी वाईट हेतूनं नाही केलं, बाई!" तुषारचा आवाज चढला. "माणसांतलं चांगलं दाखवायला गेलो मी. तुम्हीच शिकवलंत ना ऐकायला?"

"हो," बाई म्हणाल्या. "मीच शिकवलं."

मग त्यांनी उजव्या कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. डाव्या कानातलंही काढलं. त्या मशिनांशिवाय बाईंना दारावरची थापसुद्धा ऐकू येत नसे, हे तुषारला ठाऊक होतं.

"आता बोल," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

तुषार हसला. मग त्याला हसवेना. उठून जावं असं वाटलं, पण पाय निघेना.

"काम देतानाच मालकांनी विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "कोण कामाचा नाही ते कळेल ना, म्हणून."

बाई तशाच.

"मी म्हणालो, कळेल... त्यांच्या ताटात जेवताना मला ते आठवत होतं, बाई. नामदेवराव बोलायला लागले तेव्हा थांबवावंसं वाटलं. पण इतकं छान बोलत होते... मी वही काढली."

त्याला रडू फुटलं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंना त्यातला एकही शब्द पोचत नव्हता, आणि तो बोलतच राहिला.

पुष्कळ वेळानं बाईंनी डोळे उघडले. दोन्ही मशीनं पुन्हा कानात बसवली.

"काही ऐकू आलं तुम्हाला?"

"नाही."

"पुन्हा सांगू?"

"मला नको. त्यांना सांग."

"नामदेवरावांना?" तुषारनं डोळे पुसले. "ते तर बोलतच नाहीत म्हणालात. माझं ऐकून तरी घेतील का?"

"ऐकतील," बाई म्हणाल्या. "आता तेवढंच उरलंय त्यांच्याकडे."