क्लच धरलेला हात

"मग जाऊ ना बाबा, लग्नाला?" प्रल्हादनं पुन्हा विचारलं.

केरूबाबा मठाच्या अंगणात, लिंबाच्या पारावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

लग्न होतं प्रल्हादच्या पुतणीचं, प्राजक्ताचं. दुपारचा मुहूर्त, खालच्या गावात. पोरीचा बाप सुदाम म्हणजे प्रल्हादचा सख्खा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा याच सुदामनं प्रल्हादला निरोप धाडला नव्हता. बांधावरून भांडण झालं होतं, त्याचा सूड त्यानं असा उगवला. कुणाकडून तरी कळून प्रल्हाद धावत पोहोचला, तोवर चिता विझत आली होती. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही, येणंजाणं नाही. आता पोरगी हटून बसली, काका आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही. म्हणून सुदाम नाक मुठीत धरून बोलवायला आला होता.

"मांडवात कुणी आईचा विषय काढला तर?" बाबांनी विचारलं.

"काढू दे की. मी राग जिंकलाय बाबा. इतकी वर्षं तुमच्या पायाशी उगाच बसलो का? सुदाम समोर आला तरी तोंडातून शब्द काढत नाही मी. गिळून टाकतो."

हे सांगताना त्याची छाती जराशी फुगली. राग गेला होता म्हणे, पण तो गेल्याचा ताठा तेवढा मागं राहिला होता.

"गाडी चालू कर," बाबा म्हणाले.

"लगेच निघू?"

"चालू कर म्हनलं की!"

मोटरसायकल पारासमोरच उभी होती, तोंड पाराकडं. प्रल्हाद बसला. क्लच दाबला, बटण दाबलं. इंजिन सुरू झालं.

"न्यूट्रल केलीस का?"

"गरज नाही. माझी गिअरमध्येच असते. क्लच धरला की झालं. वेळ वाचतो."

बाबा उठले आणि पुढच्या चाकासमोर येऊन उभे राहिले. पाठीशी दगडी पार.

"बाबा, बाजूला व्हा. पहिल्या गिअरमध्ये आहे."

"तू धरलायस न्हवं? मग धर... सुदामनं बराबर केलं."

"काय?"

"तुला निरोप दिला न्हाई ते. म्हातारी आजारी हुती तवा कितींदा गेलास रं? औषधाची बाटली तरी नेलीस?"

प्रल्हादचा जबडा आवळला. गेला होता तो. सुदामच्या बायकोनं दारातूनच परतवून लावलं होतं. बाबांना हे ठाऊक होतं. ठाऊक असून बोलत होते, म्हणून तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी काही बोलणार नाही," तो म्हणाला.

"नगं बोलू."

...

बाबा चाकासमोरून हलले नाहीत. इंजिन धडधडत राहिलं. ऊन वर चढलं. डाव्या हाताची बोटं आधी अवघडली, मग कापू लागली. प्रल्हाद पायानं न्यूट्रल शोधू लागला. उभ्या गाडीला ते मेलं पटकन सापडत नाही. पहिल्यातून थेट दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. हिरवा दिवा काही लागेना. चावी फिरवून गाडी बंद करता आली असती, पण एवढं साधं रागात सुचतंय कुणाला?

"बाबा, हटा."

"का? राग जिंकलायस की."

"हटा म्हणतोय ना!"

"म्हातारीनं शेवटी तुझं नावसुदीक घेतलं न्हाई म्हनं..."

हात सुटला.

गाडीनं उडी मारली, बाबांच्या नडगीवर आदळली आणि बंद पडली. बाबा मागं पारावर कोसळले. धोतराला रक्त लागलं.

गाडी तशीच आडवी टाकून प्रल्हाद त्यांच्या अंगावर धावून गेला. उचलायला नव्हे, भांडायला.

"माझी आई होती ती! माझी! तोंड बघू दिलं नाही त्यानं मला! आणि तुम्ही... तुम्हीसुद्धा त्याच्याच बाजूनं? आग लागो तुमच्या मठाला! गिळतोय मी, रोज गिळतोय! जेवताना गिळतोय, झोपेत गिळतोय..."

त्याचा आवाज चिरकला. सुदामला, त्याच्या बायकोला, बाबांना तो तोंडाला येईल ते बोलला. मेलेल्या आईलाही सोडलं नाही. तिला का, तर ती वाट न बघता गेली म्हणून. मग तो मातीत बसला आणि हमसून हमसून रडला.

बऱ्याच वेळानं त्याला रक्त दिसलं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल फाडला आणि बाबांच्या नडगीला बांधला. गाठ मारताना मान वर करायची लाज वाटत होती.

"माझं चुकलं बाबा. कळलं मला, मी कुठं आहे ते... मी नाही जात लग्नाला. पोरीच्या मांडवात काहीतरी विपरीत करून बसेन."

बाबांनी दुखरा पाय हळूच खाली सोडला.

"आता जा," ते म्हणाले. "मघाशी जाऊ दिलं नसतं."