पानओवा आणि तरसीण

जनावरांतही दृष्ट काढायची चाल होती, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी एक पानओवा होता. कुणाचंही पोट बिघडलं की त्याचीच पानं खुडली जात. तो अगदी थकून गेला होता.

एकदा तरसीण धापा टाकत आली. "दादा, सडकं मढं खाऊन पोर तळमळतंय. सकाळी तुझी पानं नेली, पण गुण नाही."

"चावून भरवलीस ना?"

"भरवायची? ओवा म्हणजे ओवाळायचा ना? पोरावरून ओवाळला आणि तिठ्यावर टाकला."

पानओव्याने डोळे मिटले. "बाई, त्याला दृष्ट नाही, मढं लागलंय. शिळ्यातले जंतू मरतात ते माझ्या रसाने. पोटात जाऊ दे."

त्याच्यावर शेवटची पानं उरली होती. त्याने तीही दिली. संध्याकाळपर्यंत पोराला उतार पडला.

तरसीण आनंदाने सांगायला आली.

"आता ते मढं पुरून टाक," पानओवा म्हणाला.

"पुरू कशाला? बरंच मांस आहे अजून. आणि तुझी पानं कशी द्यायची, तेही आता कळलंय की!"

ती खुशीत निघाली. पानओवा तिला हाक मारणार होता, पण तेवढंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.