बसणीचा खडक

मी लहान असताना एका माणसाचा श्वास ऐकला होता. सारा गाव उन्हात उभा होता, पण कुणी खोकतही नव्हते. ऐकू येत होता तो फक्त त्याचा श्वास, लोहाराच्या भात्यासारखा. तो या खडकावर बसला होता, मांडीवर कुऱ्हाड आडवी. बांधाच्या भांडणात त्याच्या भावाचे डोके फोडले होते आणि फोडणारा समोर बांधून ठेवला होता. बराच वेळ तो बसला. शेवटी त्याने तोंड उघडले, आणि त्या दिवशी आमच्या गावाने दोन चिता पेटवल्या.

तुम्ही वरच्या लेण्यात ध्यानाला येता. वाटेत हा खडक लागतो, सगळे यावर बसून फोटो काढतात. काढा. पण मधली ही खोलगट जागा पावसाने झालेली नाही, माणसे बसून बसून झाली आहे. आम्ही तिला बसणी म्हणतो. परवा तुमच्यातल्याच एका मुलीने विचारले, "आजोबा, माझ्या मोबाईलमध्ये घंटा वाजते, मग मी थांबून श्वास बघते. भाजी चिरतानासुद्धा. चालतं ना?" मी म्हटले, "चालतं की, बाळ. आमच्याकडे तर हे पाण्याच्या घागरीपासून सुरू झालं."

असे सांगतात, की लेणी नुकतीच कोरून झाली होती आणि या घाटातून बैलांचे तांडे चालत, त्या काळची ही गोष्ट. लेण्यात एक म्हातारा भिक्खू राही. गाव त्याला थेरबाबा म्हणे. उन्हाळ्यात वरचे टाके आटले, की सामाई नावाची विधवा त्याच्यासाठी खालून पाणी नेई. चढ उभा. वर पोचेपर्यंत घागर अर्धी होई.

थेरबाबा म्हणाला, "घागरीकडे बघू नकोस, पायाकडेही नको. नाकाशी वारा येतो-जातो, तेवढा बघत ये."

"तुमचं बरं आहे, बाबा," सामाई म्हणाली, "वारा बघायचा तुम्ही आणि पाणी वाहायचं आम्ही!"

थेरबाबा खूप हसला म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तो अर्ध्या वाटेवर उतरून येई आणि पुढचा चढ घागर स्वतःच्या खांद्यावर घेई. पण सामाईला वारा बघायची सवय लागली ती लागलीच. दळताना, निंदताना, चूल फुंकताना ती श्वास बघे. तिचा एकुलता मुलगा वेण्हू चिडवायचा, "आई, पळून जाणार आहे का तुझा वारा?"

मग एका सुगीत घाटावरून लुटारू उतरले. भर दुपारी आले. खळ्यावर मळणी चालली होती. बैलांमागे फिरणारी माणसे त्यांनी तिथल्या तिथे कापली, आणि बैल बिचारे फिरतच राहिले, दाण्यांबरोबर रक्त तुडवत. वर थेरबाबा बसला होता. बसलेल्याचेच डोके उडवले. ते टाक्यात पडले आणि त्या वर्षी ते पाणी कुणी प्यायले नाही, असे सांगतात.

वेण्हू विळा घेऊन धावला. एका लुटारूने भाला त्याच्या पोटातून आरपार घातला आणि त्याला त्याच्याच घराच्या दाराला खिळवला. सामाई आली तेव्हा तो जिवंत होता. "आई, काढ ना गं," म्हणत होता. तिने पाय लावून ओढले. भाला निघेना. फळीत रुतला होता. दिवस कलेपर्यंत ती त्याला काखेत धरून उभी राहिली, म्हणजे त्याचा भार भाल्यावर पडू नये. मग तो भार एकदम वाढला.

इकडे गावातली उरलेली माणसे घाटातल्या नाळेच्या, म्हणजे खिंडीच्या तोंडावर चढली होती. लूट घेऊन लुटारू त्या चिंचोळ्या नाळेतून परत निघाले, तशा वरून शिळा लोटल्या. कुणाची छाती चेचली, कुणाचे तोंड ओळखू येईना. एकच जिवंत सापडला, पाय मोडलेला. तो वेण्हूला मारणाराच होता. त्याला केसांना धरून या खडकापुढे फरपटत आणले. वाटेत त्याची बोटे एकेक करून ठेचली. आमचीच माणसे होती ती.

तेव्हाचा रिवाज असा, की ज्याचे माणूस गेले त्याने शिक्षा द्यायची. हाताने द्यावी, नाही तर तोंडाने सांगावी. त्याच्या शब्दावाचून दुसऱ्याने जीव घ्यायचा नाही. सामाईच्या हातात कुऱ्हाड दिली.

ती खडकावर बसली.

लोकांना वाटले, दम घेते आहे. पण ती डोळे अर्धे मिटून बसूनच राहिली. कुऱ्हाडीच्या दांड्यावरची मूठ आवळे, सैल होई, पुन्हा आवळे. आत काय चालले होते ते मी सांगणार नाही. तिने कधी कुणाला सांगितले नाही.

"अगं, कोंबडी कापायला एवढा वेळ लावतेस का?" एक जण ओरडला.

लुटारूला झटपट मरण हवे होते. तो म्हणाला, "म्हातारे, तुझा पोरगा मरताना दारावर नखं घासत होता. ऐकलंस ना?"

सामाई उठली. गाव गरजला. तिने कुऱ्हाड उचलून त्याच्या मानेवर पाते टेकवले. कातडी फाटली, रक्ताचा ओघळ त्याच्या छातीवर आला. तो डोळे मिटून वाट बघू लागला. ती तशीच उभी राहिली, छाती वरखाली होत. मग मागे सरली आणि पुन्हा खडकावर बसली.

आता लोक तिच्यावरच उलटले. "पोर गेलं आणि हिचं रक्तही गेलं!" कुणी तिच्या अंगावर माती फेकली. तिचा दीर पाया पडला. त्याचेही दोन मुलगे खळ्यावर पडले होते, पण त्यांना मारणारे आधीच चेचून मेले होते. सूड घ्यायला त्याच्या हाताला आता दुसरे कुणी उरले नव्हते. "वहिनी," तो म्हणाला, "शब्दही नको. नुसतं 'हं' म्हण. रडलीस तरी मी होकार समजेन. उरलेलं मी करतो."

त्याने तिच्या मांडीवरची कुऱ्हाड काढून घेतली आणि लुटारूच्या डोक्याशी उभा राहिला. म्हणजे आता सामाईच्या तोंडून हुंदका जरी फुटला असता, तरी कुऱ्हाड पडली असती. आणि ती अजून मुलासाठी रडली नव्हती.

इथे जरा थांबतो. आजही आमच्या गावात कुणाला कुणाचा जीव घ्यावासा वाटला, की त्याला इथे आणून बसवतात. आता मांडीवर कुऱ्हाड नसते. कधी कोर्टाचे कागद असतात, कधी नुसता फोन. सासू-सुनांचे बिनसले तर खडक मोकळा मिळत नाही. बसणारा खडकावर असेपर्यंत दुसरे कुणी बोलत नाही. बसलेला बोलला, तर पुढचे भांडण होते. न बोलता उठून गेला, तर ते तिथेच संपते. दोन्ही झालेले मी पाहिले आहे. हे मधेच सांगून घेतले, कारण गोष्ट संपल्यावर सांगणाऱ्याने बोलायचे नाही, अशी आमच्याकडे रीत आहे.

तर सामाई बसली होती. दीर तिच्या तोंडाकडे बघत होता. सावल्या लांबल्या. तिचे ओठ थरथरले, दिराने कुऱ्हाड उचलली. तिने दातांत पदर धरला. नाकपुड्या फुलल्या, वारा आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत गेला.

घरी दारापाशी वेण्हू निजवलेला होता, अजून न धुतलेला.

ती उठली. त्या माणसाच्या शेजारून, दिराच्या शेजारून, वाट देणाऱ्या लोकांमधून, पदर तसाच दातांत धरून, काही न बोलता निघून गेली.