शिवेवरचा बिनचाकांचा गाडा

पाव्हणं, इथं जरा चपला काढा. देऊळ नाही, मरीआईच्या मूर्तीवरही आता रंग राहिलेला नाही, पण रीत आहे. हा कडुलिंब धामणसर आणि बोरखिंड या दोन गावांच्या शिवेवर उभा आहे, आणि त्याच्या सावलीत हा लाकडाचा लहानसा गाडा. गाड्याला चाकं नाहीत, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. एक चाक इकडं धामणसरच्या रानात पुरलेलं आहे, एक तिकडं बोरखिंडीच्या. तो शेजारचा सपाट दगड पाण्याचा. गाड्याच्या फळ्या किती वेळा बदलल्या असतील देव जाणे, पण चाकं बसतात तो बाभळीचा आख तोच आहे म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना भोकं आहेत, बोट घालून बघा. चाक निसटू नये म्हणून तिथं लोखंडी खीळ असते. इथल्या दोन्ही खिळी काढल्या कुणी, त्याची ही गोष्ट. माझ्या आज्याकडनं ऐकली तशी सांगतो. सावलीला बसा.

पूर्वी, म्हणजे किती पूर्वी ते काही सांगता येत नाही, पटकीची साथ आली की या मुलखात एकच उपाय असायचा. मरीआई कोपली म्हणायचे. मग नवा गाडा करायचा, त्यात आईला बसवायचं, हिरवं लुगडं नेसवायचं, दहीभात, लिंबं, बांगड्या ठेवायच्या आणि हलगी वाजवत गाडा ढकलत न्यायचा तो शिवेपार, पुढच्या गावाच्या हद्दीत. तिथं सोडून माघारी फिरायचं. फिरताना मागं बघायचं नाही. आणि वाटेत गाडा थांबता कामा नये, जिथं थांबेल तिथं आई राहील. पुढच्या गावानं मग तोच गाडा आणखी पुढं लोटायचा. सगळेच तसं करत, म्हणून त्यात वावगं कुणाला दिसत नसे.

धामणसरात गोंदाजी नावाचा सुतार होता. त्याच्या हातच्या चाकांचं असं सांगतात, की चार माणसांनी लोटलेला गाडा हलगीवाल्याच्या पुढं पळायचा. वाटेत कधी थांबला नाही. गावाला त्याचा मोठा अभिमान.

एका साली पश्चिमेच्या गावानं लोटलेला गाडा धामणसरच्या शिवेत आला. त्या साथीत गोंदाजीची बायको गेली. तिला पोचवून आल्यावर तो गाडा पुढं लोटायला गावाबरोबर तोही गेला, आणि गाड्याच्या चाकावर हात फिरवताना, बायकोच्या तेराव्याच्या आत, त्याच्या मनात आलं, काय गोल उतरलंय! ज्या सुतारानं ते केलं, त्याला गोंदाजीच्या घरात काय झालं त्याचा पत्ता नव्हता. तो गाडा धामणसरानं बोरखिंडीत लोटला. गोंदाजी मागं न बघता घरी आला.

पुढं बारा वर्षांनी त्याची एकुलती लेक ठकू लग्नाची झाली. मागणी आली ती बोरखिंडीतल्याच सुताराच्या घरातनं. सुपारी फुटली त्या दिवशी विहीण गजराबाई पानाला चुना लावता लावता म्हणाली, "ह्यो माझा धाकला. थोरला गाड्याच्या साली गेला." कुणाचा गाडा, ते ती बोलली नाही. गोंदाजीनं पान तोंडात घातलं, पण ते त्याला चाववेना, असं सांगतात.

लग्नाला वर्ष सरलं आणि पुन्हा पटकी आली. धामणसरात आठवड्यात नऊ माणसं गेली. ठकूला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी आणायची, पण अशा आजारात आणायची कुठं? आणि एका सकाळी गावचे जोत्याजी पाटील सुताराच्या दारात येऊन उभे राहिले.

"गोंदाजी, गाडा कर."

"करतो. पर औंदा बोरखिंडीकडं नको, पाटील. दुसऱ्या शिवंला न्या."

"दुसरीकडं कुठं? दोहो अंगाला डोंगर. मागल्या गावातनं तर साथ आलीच हाय."

"माझी पोर हाय तिथं. पोटुशी हाय."

पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांचा नातू आदल्याच दिवशी गेला होता. ते म्हणाले, "तुझी एक पोर तिकडं, माझं सारं गाव हिकडं. तूच सांग, कुणाला ठिवू?"

गोंदाजीनं वाकस उचलला आणि लाकूड तासायला बसला. तीन दिवस तासत होता. आईच्या बैठकीला त्यानं वेलबुट्टी काढली, जशी ठकूच्या रुखवताच्या पाटाला काढली होती तशीच. कोंडी पोतराज गाडा बघायला आला, तो त्या गंभीर दिवसांतही हसला.

"एवढी नक्षी? आईला नांदाया धाडतोस का काय रं?"

गोंदाजीचा हात म्हणे तिथंच थांबला.

चौथ्या दिवशी गाडा निघाला. पुढं हलगी, मग कोंडी अंगावर आसूड ओढत, मग गाडा, मागं सारं गाव. गोंदाजी वंगणाचं नळकांडं आणि हातोडी घेऊन चाकाच्या कडेनं चालत होता, त्याचं ते कामच. शीव आली. तुम्ही आत्ता चढून आलात तोच हा उंचवटा. बघतात तर पलीकडं बोरखिंडीचे लोक काठ्या घेऊन उभे. हलगी त्यांनीही ऐकली होती. पुढं गोंदाजीचा व्याही, त्याच्यामागं गजराबाई.

"फिरवा गाडा माघारी!" तिकडनं ओरड झाली.

"हद्दीत हाय तवर आमचा. पल्याड गेला की तुमचा!" इकडनं कुणीतरी ओरडलं, आणि ढकलणाऱ्यांनी शेवटचा जोर लावला.

तेवढ्यात हातोडीचे दोन ठोके झाले, एक या अंगाला, एक त्या अंगाला. दोन्ही चाकं निखळली. आख धाडकन भुईला टेकला, ती ही जागा. एक चाक पुढच्या उतारानं घरंगळत जाऊन काठीवाल्यांच्या पायाशी पडलं. दुसरं दगडाला थडकून उलटं फिरलं आणि धामणसरच्या अंगाला उतरत गेलं. गाडा राहिला बरोबर शिवेवर, ना आत ना बाहेर. आई हललीसुद्धा नाही. हलगी थांबली.

"आई बसली," कोंडी म्हणाला.

"बसली न्हाई. मी बसवली," गोंदाजी म्हणाला. "खिळी ह्या बघा, माझ्या कनवटीला. कोंडी, तू चेष्टेनं इचारलंस, तवापास्नं माझ्या डोक्यातनं जाईना. लेक धाडत्यात नांदाया. आई कुणी धाडतं व्हय? आई म्हनायचं आन् शेजाऱ्याच्या दारात लोटून द्यायचं? मागं मीबी लोटली." मग तो आईच्या पुढ्यात बसला. "तुझा काय कोप असंल तो माझ्यावर काढ. गावातला शेवटचा आजारी उठंस्तवर मी तुझ्याजवळनं हलत न्हाई."

कुणीतरी दगड उचलला. पाटलांनी त्याचा हात धरला. गाड्याला हात लावायची मात्र कुणाची छाती झाली नाही, ना इकडच्यांची ना तिकडच्यांची. माणसं फिरली. आणि म्हणे, त्या दिवशी पहिल्यांदा धामणसरची माणसं मागं बघत बघत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू बापासाठी घागर घेऊन निघाली. गजराबाईनं ती तिच्या हातातनं काढून घेतली. "जड अंगानं कुठं निगालीस? बस खाली. व्याही माझा हाय." घागरीत उकळून निववलेलं पाणी, तपेलीत मीठ घातलेली पेज. या दगडावर ठेवून ती मागं सरली. गोंदाजीनं घोटभर घेतलं आणि म्हणाला, "बाकी गावात जाऊ द्या, विहीणबाई. आमच्या हिरीचं पानी नासलंय." त्यानं हाक मारली, धामणसरचं माणूस आलं, त्यानं घागर उचलली. कुणी कुणाला शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी गजराबाईमागं पाच बायका होत्या. आठवड्यानं बोरखिंडीत असं घर राहिलं नाही जिथनं पाणी आलं नव्हतं.

साथ उतरू लागली. पाणी बदललं म्हणून उतरली की आई निवली म्हणून, ते मला विचारू नका. माझा आजा म्हणायचा, आई निवली म्हणूनच बोरखिंडीला पाणी आणायची बुद्धी झाली. मला तेवढं पुरतं.

गावातले आजारी उठले, आणि गोंदाजी पडला. ठकू धावत आली, मागोमाग गजराबाई, तर त्यानं लांबनंच हात वर केला. "तितंच थांब, पोरी." ठकू बोरखिंडीच्या अंगाला बसून राहिली, उन्हं कलेपर्यंत. त्यानं दोन्ही खिळी गाड्यावर ठेवल्या. म्हणाला, "विहीणबाई, एक तुमच्या गावाला, एक आमच्या. फुडं आजार आला तर गाडा लोटू नका. खीळ आणून हितं ठेवा, म्हंजी पल्याडच्यास्नी समजंल." मग म्हणाला, "तुमच्या थोरल्याचा गाडा..."

"तुमी लोटला. ठावं हाय मला. ठकूला मागणी घातली तवाबी ठावं हुतं."

"मग पोर का मागितली?"

गजराबाईनं पदर सावरला. "कुठंतरी थांबाया पायजे हुतं, व्याहीबुवा."

गोंदाजी त्या दिवशी गेला. त्याच्यानंतर त्या साथीत दोन्ही गावांत कुणी गेलं नाही. त्याला उचलताना दोन खांदे धामणसरचे होते आणि दोन बोरखिंडीचे. ठकूला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं तिनं पोर शिवेवर आणली, तेव्हा जोत्याजी पाटलांनी ती हातांत घेतली आणि या गाड्यावर, आईच्या पायाशी ठेवली.

चाकं जिथं पडली तिथंच पुरली, आजही या गाड्याला कुणी चाक लावत नाही. गावात दुखणं आलं की ते गाव आपली खीळ आणून इथं ठेवतं. कुठलं दुखणं, कुणाच्या घरात, कुणी विचारत नाही. दिवस उगवायला दगडावर पाणी असतं. परवा तोंडाला फडकी बांधून हिंडायचं साल आलं, दोन्ही गावांनी बाभळीच्या काट्या टाकून वाट अडवली होती, तेव्हा धामणसरची खीळ आली आणि त्याच दिवशी बोरखिंडीचीही आली. दोन्ही गावं आजारी. आता पाणी कोण आणणार? मी स्वतः सकाळी इथं आलो. दगडावर दोन्हीकडचे हंडे होते. जागा पुरली नाही म्हणून काही खाली ठेवले होते. इकडचं पाणी तिकडं गेलं, तिकडचं इकडं आलं.

चला, चपला घाला. उतार आहे, जपून. आणि खाली गेल्यावर एकदा मागं वळून बघा. इथनं जाताना आजही सगळे बघतात.